ठरला भाव, वाढला भाव

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घ्यायला गेलं की दुकानदार एकदम किंमत सांगत नाही. आधी भांडं तराजूत जातं. वजन किती भरलं, आज धातूचा भाव काय, त्यावर घडणावळ किती आणि घरचं जुनं पितळ मोडीत दिलं असेल तर त्याचे किती वजा, असा चार आकड्यांचा हिशोब गिऱ्हाइकासमोर होतो. गेल्या वर्षीपेक्षा गुंड महाग का पडतो, हे विचारावंही लागत नाही. धातू चढला असेल तर वाढ धातूच्या आकड्यात दिसते. घडणावळ वाढली असेल तर ती तिथे दिसते. हिशोब उघडा असल्यामुळे घासाघीस नेमकी कशावर करायची, हेही दोघांना ठाऊक असतं.

पितळेच्या भांड्यांसाठी या शहराचं नाव देशभर झालं, त्यात कारागिरांच्या हाताइतकाच या रोकड्या हिशोबाचाही वाटा आहे, असं मी मानतो. स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर हा धंदा आक्रसला. पण भाव सांगण्याची ती रीत अजून टिकून आहे. त्याच शहरात नवं स्वैपाकघर करायला निघालेल्या माणसाला मात्र भाव वेगळ्या पद्धतीने ऐकू येतो.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही जा. नवं घर बांधणारं कुटुंब आता साध्या कडप्प्याच्या ओट्यावर थांबत नाही. वर ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, भिंतीवर कपाटं, सिंकखाली कचऱ्याचा डबा सरकवायला जागा. हे सगळं विकलं जातं ते चौरस फुटावर नाहीतर रनिंग फुटावर. ‘इतके रुपये फूट, सगळं धरून.’ या ‘सगळं धरून’मध्ये प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, चॅनेल, जाळीच्या टोपल्या, गोंद, सुताराची मजुरी, नागपूरहून येणारं गाडीभाडं आणि दुकानदाराचा नफा असं सगळं एकाच आकड्यात गुंडाळलेलं असतं. आकडा ऐकायला सोपा वाटतो. बयाणा दिला जातो. जुना ओटा फुटतो. गॅसची शेगडी वऱ्हांड्यात येते. आणि मग एके दिवशी फोन येतो: ‘प्लायचा भाव वाढला, दहा टक्के वाढवून द्यावे लागतील.’

हिशोब करून पाहू. समजा काम दोन लाख चाळीस हजारांचं ठरलं आणि त्यात प्लायवूड सत्तर हजारांचं आहे. प्लाय खरोखर दहा टक्क्यांनी महागला, तर वाढ होते सात हजारांची. फोनवर मागितलेले दहा टक्के मात्र पूर्ण रकमेवर लावले जातात, म्हणजे चोवीस हजार. मधले सतरा हजार कशाचे, याला उत्तर नसतं. सुतार लबाडच असतो असं नाही. अनेकदा त्यानेही वेगळा हिशोब केलेला नसतो. गुंडाळलेल्या आकड्यात वाढही गुंडाळूनच येते. वऱ्हांड्यात स्वैपाक करणाऱ्या घराला तो आकडा मोजण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या स्वैपाकघराचा भाव भंडाऱ्याच्या भांडेबाजारासारखा मागावा. माल वेगळा, मजुरी वेगळी आणि मालाच्या भावापुढे तारीख.

वाढ खोटी असते, असा याचा अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत भाव खरोखरच उलटेपालटे झाले आहेत. तांब्याचंच पाहा, कारण पितळेत निम्म्याहून अधिक तांबंच असतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या धास्तीने लंडनच्या धातुबाजारात तांबं टनाला पाच हजार डॉलरच्या खाली आलं होतं. दोन वर्षांत ते दहा हजारांवर गेलं. २०२३ च्या शेवटी पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या एका प्रचंड तांबेखाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि ती खाण बंद पडली. मे २०२४ मध्ये भावाने तोवरचा उच्चांक गाठला. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखलाचा लोंढा शिरला, जीव गेले, उत्पादन थांबलं आणि वर्ष सरताना भाव बारा हजार डॉलरच्या पलीकडे पोहोचला. त्याच डिसेंबरात डॉलर पहिल्यांदा नव्वद रुपयांवर गेला. धातूचा सौदा डॉलरमध्ये होतो, म्हणून आपल्याकडे ही वाढ दुहेरी बसली.

देशातली सर्वांत मोठी उघडी तांबेखाण मलाजखंडला आहे, म्हणजे भंडाऱ्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात. खनिज इतकं शेजारी असूनही भंडाऱ्याच्या कारागिराला भाव लंडनचाच मोजावा लागतो. तुतिकोरिनचा तांबे शुद्धीकरण कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाल्यापासून देशाला शुद्ध तांबं बाहेरून जास्त आणावं लागतं आणि लंडनचा भाव आणखीच थेट लागतो.

ट्रॉलीतल्या स्टीलच्या टोपलीची कथा याहून चमत्कारिक आहे. चांगल्या प्रतीच्या, म्हणजे ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर, ८ मार्च २०२२ रोजी, लंडनच्या बाजारात निकेल काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि बाजारालाच व्यवहार थांबवावे लागले. एवढा वेडा भाव टिकला नाही, पण त्या वर्षी ३०४ ची जाळी महागच राहिली. भिंतीच्या टाइल्स बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तिथल्या भट्ट्या वायूवर चालतात. २०२१ मध्ये वायू वारंवार महागला, टाइल्सचे दर चढले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मोरबीतल्या कारखानदारांनी महिनाभर उत्पादनच बंद ठेवलं.

प्लायवूडचं गणित शेतात सुरू होतं. हरियाणातल्या यमुनानगरच्या गिरण्या पॉप्लर आणि निलगिरीच्या लाकडावर चालतात. ही झाडं शेतकरी बांधावर लावतात आणि ती तयार व्हायला काही वर्षं जातात. एखाद्या वर्षी लाकूड स्वस्त झालं की पुढची लागवड घटते आणि चार-पाच वर्षांनी तुटवडा पडतो. पापुद्रे चिकटवायला लागणारा डिंक फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून होतो. फॉर्माल्डिहाइड मिथेनॉलपासून होतं आणि आपलं बहुतेक मिथेनॉल इराण आणि आखाती देशांतून येतं. आखातात जहाजं अडली की काही आठवड्यांत प्लायच्या फळीचा भाव बदलू शकतो. २०२५ च्या सुरुवातीपासून प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. ते गिऱ्हाइकाच्या हिताचंच आहे, पण शिक्क्याशिवाय विकला जाणारा स्वस्त माल बाजारातून हटला की तळाचा दर वर सरकतो.

ही सगळी कारणं दूरची आहेत. पुरवठादार ‘वरूनच वाढलं’ म्हणतो, तेव्हा ते बऱ्याचदा खरं असतं. प्रश्न उरतो तो ती वाढ कोणी सोसायची हा. त्याचं उत्तर बयाणा देण्याआधी ठरवावं लागतं.

वाढ नेहमी फोनवर सांगूनच येते असंही नाही, आणि न सांगता आलेली वाढ मला जास्त घातक वाटते. ठरलेला आकडा तसाच ठेवायचा आणि आतला माल हलका करायचा, हा तिचा मार्ग. ३०४ च्या जागी २०२ ची जाळी लागते. या २०२ मध्ये निकेलचा बराचसा भाग मँगनीज आणि नायट्रोजनने भरून काढलेला असतो. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत, पण मिठाच्या आणि चिंचेच्या पाण्यात २०२ लवकर गंजते. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींमुळे मँगनीज हे नाव या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे, टोपलीतला फरक मात्र फार थोड्यांना माहीत असतो. प्लायचंही तसंच. आयएस ७१० चा शिक्का म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय. सिंकखालच्या कपाटाला तोच हवा. त्याऐवजी साधा ओलावारोधक प्लाय लावला, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच कडा फुगतात. म्हणून कोटेशनमध्ये फक्त ‘प्लाय’ लिहून चालत नाही. कंपनी, जाडी, आयएस क्रमांक, टोपलीच्या स्टीलचा क्रमांक, बिजागरी आणि चॅनेलचं नाव हे सगळं लिहून घ्यायला हवं. माल घरी आला की सनमायका चढण्याआधी फळीवरचा शिक्का पाहावा. सनमायका चढला की शिक्का झाकला जातो.

आता सुताराची बाजू. तिच्याकडे दुर्लक्ष करून हा लेख लिहिता येणार नाही. तालुक्याच्या गावातला फर्निचरवाला नागपूरच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलतो. साठा करून ठेवण्याइतकं भांडवल त्याच्याकडे नसतं. या जिल्ह्यात पैसा धानाबरोबर येतो. दिवाळीच्या पुढेमागे कापणी-मळणी होते, धान खरेदी केंद्रावर जातं, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि सगळ्यांना आपलं स्वैपाकघर त्याच दोन-तीन महिन्यांत हवं असतं. बयाणा दसऱ्याला दिलेला असतो, काम मात्र माघात सुरू होतं. मधल्या काळात कधी गवंड्याने भिंतीच्या टाइल्स लावलेल्या नसतात, कधी नळाची जागा बदलते, कधी घरच्यांचं ‘ट्रॉली तीन की चार’ यावर एकमत होत नाही. अशा उशिरात भाव चढला तर तो सुताराच्या माथी मारणं अन्याय आहे. भाव कुठल्या तारखेपर्यंत बांधील आहे, ही ओळ जितकी गिऱ्हाइकाच्या कामाची तितकीच सुताराच्याही कामाची आहे.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा उपाय साधा आहे. भाव बांधून घेण्यापेक्षा मालच लवकर घरी आणावा. निम्मे पैसे आगाऊ देऊन वाट पाहत बसू नये. बुकिंगला छोटी रक्कम द्यावी, माप अंतिम झालं की प्लाय, सनमायका आणि हार्डवेअर लगेच विकत घेऊन दारात उतरवून घ्यावं आणि त्या पक्क्या बिलावर दुसरा हप्ता द्यावा. तिसरा हप्ता बसवणी झाल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून पाहिल्यावर. फळ्या एकदा आपल्या अंगणात आल्या की यमुनानगरात किंवा आखातात काय होतं याची चिंता संपते. मात्र त्या जमिनीवर टाकू नयेत. खाली लाकडी ठोकळे ठेवून, भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात, नाहीतर इथली वाळवी आणि वैनगंगेच्या खोऱ्यातली दमट हवा आपलं काम करते.

एवढं करूनही भाव वाढवून मागितला, तर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने किती ठाम आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. या बाबतीतला सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल तुपाचा आहे. अलोपी प्रसाद अँड सन्स या पेढीने १९३७ मध्ये सैन्याला तूप खरेदी करून पुरवण्याचा करार सरकारशी केला. दुसरं महायुद्ध पेटलं, सैन्य कित्येक पटींनी वाढलं, तुपाची मागणी आणि खर्च दोन्ही बदलले. १९४२ मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने दर सुधारले गेले. पुढे पेढीने परिस्थितीच पालटली म्हणून आणखी भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० मध्ये निकाल लागला. करार पाळणं अपेक्षेपेक्षा जड झालं, एवढ्या कारणाने करार सुटत नाही आणि दरही आपोआप बदलत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. १९४२ चे सुधारलेले दर चालले, कारण तिथे दोघांनी होकार दिला होता. १८७२ च्या करार कायद्यातल्या ६२ व्या कलमाचा गाभाही हाच आहे. जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा, तर दोन्ही पक्षांचा होकार हवा. महायुद्ध ज्याला पुरलं नाही, त्याला प्लायचा दहा टक्के चढा भाव पुरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ याहून एक पाऊल पुढे जातो. दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली, तर ते तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे, असं तक्रारीच्या व्याख्येतच लिहिलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २ मधलं ४१ वं उपकलम मला फार मोलाचं वाटतं. व्यापाऱ्याने ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर केला आणि त्या उशिरामुळे भाव वाढला किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, तर ती ‘प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा’ ठरते. आधी माल लांबवायचा आणि मग ‘आता भाव वाढला’ म्हणायचं, हा सगळ्यांनी अनुभवलेला प्रकार कायद्याने नेमका ओळखलेला आहे. मुळात देशात ग्राहक कायदा आला, त्यामागे महाराष्ट्राचा मोठा रेटा होता. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान नागपूरचं असलं तरी. म्हणजे भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि बहुतेक स्वैपाकघरं त्यातच बसतात. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून पाहावा. तिथल्या मध्यस्थीने प्रकरण मिटण्याचीही शक्यता असते. ‘भाव कधीही बदलण्याचा हक्क आमचा’ अशी ओळ छापील पावतीवर असेल, तर ती अन्यायकारक करारात मोडते असं सांगता येतं. पण ते राज्य आयोगापुढे मांडावं लागतं आणि त्याचं खंडपीठ नागपूरला आहे.

आयोगापुढे कागद लागतो. कच्च्या चिठ्ठीवर कर वाचतो हे खरं, पण वाद झाला की त्याच चिठ्ठीमुळे आपली बाजू लंगडी पडते. कोटेशन कागदावर नसेल, तर निदान सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. असे संदेश पुरावा म्हणून मांडता येतात. घर उघडं पडलंय आणि वाढीव पैसे दिल्याशिवाय काम पुढे जाणारच नाही, अशी वेळ आली तर पैसे देताना लिहून टाकावं: ही वाढ मान्य नाही, काम अडू नये म्हणून देत आहे. एवढ्या एका ओळीमुळे पुढे ते परत मागण्याचा रस्ता खुला राहतो. आणि वाढ खरी दिसत असेल, तर व्यापाऱ्याचं खरेदीचं बिल मागावं, वाढ फक्त त्या वस्तूवर मोजावी आणि अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. चांगल्या सुताराशी भांडून जिंकण्यापेक्षा हे बरं, कारण दोन वर्षांनी बिजागरी ढिली झाली की त्यालाच बोलवायचं असतं.

कराच्या बदलाचा नियम वेगळा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सौदा ठरल्यावर कर वाढला तर विक्रेत्याला तो वरून घेता येतो आणि कर घटला तर गिऱ्हाइकाला तो वजा करून मिळायला हवा, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि स्वैपाकाच्या धातूच्या भांड्यांवरचा बारावरून पाचवर. प्लायवूड अठरावरच राहिलं. त्याआधी सौदा करून नंतर माल घेतलेल्यांनी हा फरक मागायला हवा होता.

हे सगळं ज्यांच्याकडे दोन-अडीच लाख आहेत त्यांच्यासाठी झालं. या जिल्ह्यात दरवर्षी उभी राहणारी बरीच नवी स्वैपाकघरं घरकुलाची असतात आणि भाववाढ तिथे सगळ्यांत खोल लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ पंचवीस चौरस मीटर आणि त्यात स्वच्छ स्वैपाकासाठी वेगळी जागा धरलेली, असा नियम आहे. ही फार चांगली अट आहे. धुरात आयुष्य काढलेल्या बाईला ओटा मिळावा, हे सरकारने घराच्या व्याख्येत लिहिलं. पण सपाट भागासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम २०१६ पासून एक लाख वीस हजारच आहे. या काळात विटा, सळई, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली. २०२५ मध्ये राज्य सरकारने पन्नास हजारांची भर घातली, त्यातले पंधरा हजार सौर पॅनेलसाठी. धानाचा हमीभाव २०२०-२१ मध्ये क्विंटलला १८६८ रुपये होता, २०२५-२६ मध्ये २३६९ झाला. तो पुरेसा आहे असं इथला शेतकरी म्हणणार नाही, पण निदान दरवर्षी तो नव्याने ठरतो. घरकुलाची रक्कमही तशीच दरवर्षी बांधकाम साहित्याच्या दराला जोडली पाहिजे. रक्कम पुरली नाही की गवंडी पहिल्यांदा ओटाच सोडून देतो. भिंती, छत, दार झालं की फोटो निघतो, हप्ता मिळतो आणि चूल पुन्हा मागच्या पडवीत पेटते.

भंडाऱ्यात रेतीचा सल तर वेगळाच आहे. वैनगंगेची रेती ट्रकांनी नागपूरकडे जाते आणि नदीकाठच्या गावातला घरकुलधारक तिच्यासाठी चढा भाव मोजतो. एप्रिल २०२५ च्या राज्याच्या धोरणात घरकुलधारकांना पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद झाली. पावसाळ्यात, १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत, नदीतून रेती काढायला बंदी असते. म्हणून ज्यांचं घरकुल हिवाळ्यात मंजूर झालं त्यांनी तहसीलमधून पास उन्हाळ्याच्या आधी घ्यावा, मेपर्यंत रेती दारात टाकून घ्यावी. जूननंतर जी मिळते ती साठ्याची असते आणि तिचा भाव साठेवाला सांगेल तो. एकाच गावात एका वर्षात अनेक घरकुलं मंजूर होतात. त्या सगळ्यांचं सिमेंट, सळई आणि ओट्याचा कडप्पा ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटाच्या ग्रामसंघाने एकत्र मागवला, तीन दुकानांचे लेखी दर घेतले आणि मार्चअखेरपर्यंत माल गावात उतरवला, तर एकेकट्या लाभार्थ्याला कोणताही व्यापारी देणार नाही असा दर त्या गावाला मिळू शकतो. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही, ग्रामसभेत एक ठराव पुरतो.